एका खोलीतला उन्हाळा
(मुंबईच्या चाळीतील नवदांपत्याच्या संसाराचा इतिहास)

इतिहास म्हटला की गडकोट, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. फार तर थोर पुरुषांची चरित्रे आठवतात. परंतु ज्या शहरात आपण राहतो, त्या शहरात आपल्या आईने, सासूने, आजेसासूने पहिला संसार कसा थाटला, पाणी कोठून भरले, संध्याकाळी चार शब्द बोलायला ती दोघे कोठे गेली, हाही इतिहासच होय. तो बखरीत सापडत नाही. थोडा शिरगणतीच्या आकड्यांत आणि पुष्कळसा घरोघरच्या बोलण्यात सापडतो. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्यातले एक लहानसे पान उलगडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

पान उन्हाळ्याचेच का निवडले, असे कोणी भगिनी विचारील. त्याला कारण आहे. आपल्याकडे लग्नसराई वैशाख-ज्येष्ठाची. मुलाला रजा मिळायची ती उन्हाळ्यात, शाळांना सुट्टी उन्हाळ्यात आणि कोकणात किंवा घाटावर शेतीचे काम थांबायचे तेही उन्हाळ्यातच. त्यामुळे मुंबईत नोकरी करणाऱ्या तरुणाचे लग्न गावी उन्हाळ्यात लागे आणि नवी नवरी त्या शहरात पहिले पाऊल टाकी तेही बहुधा घामाच्या धारांत. मुंबईकर जोडप्याच्या संसाराची सुरुवातच अशी उन्हाळ्यापासून होई.

ही गोष्ट आज सहज वाटते, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती सहज नव्हती. मुंबई हे त्या काळी पुरुषांचे शहर होते. १९२१ च्या शिरगणतीत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या केवळ सव्वापाचशेच्या आसपास. गिरणीत, गोदीत, कचेरीत काम करणारा माणूस एकटाच येई, दहा-बारा जणांत मिळून गाळा घेई आणि खाणावळीत जेवी. त्याची बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी राहून शेत आणि गुरे सांभाळी. लग्न होऊनही दोघांचा सहवास वर्षातून महिनाभर, तो म्हणजे शिमग्याला किंवा मे महिन्यात तो गावी जाईल तेवढाच. एखाद्याने मुंबईत जागा मिळवून बायकोला आणले की लोक म्हणत, “त्याने बिऱ्हाड केले.” बिऱ्हाड करणे ही त्या काळची मोठी मजल होती.

शिवाय मुली वयाने लहान असत. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यासाठी केवढे वादळ उठले, हे आपण वाचलेले आहे. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. शिक्षणही हळूहळू वाढत होते. म्हणजे जिला आपण तरुण जोडपे म्हणतो, समजून-उमजून बरोबरीने संसाराला लागलेली दोन माणसे, ती मुंबईच्या चाळीत मोठ्या संख्येने दिसू लागली ती साधारणपणे १९२० नंतरच.

बिऱ्हाड केले म्हणजे काय केले, तर एक खोली घेतली. १९११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईतील दर शंभर माणसांपैकी सुमारे सत्तर माणसे एकाच खोलीच्या जागेत राहत होती. १८९६ च्या प्लेगने शहराची घाण आणि दाटी चव्हाट्यावर आणली, तेव्हा १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या. तेथील खोली एकशेसाठ चौरस फुटांची, मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सामाईक. गिरगावातल्या वाड्यांमधून जागा थोडी बरी, कोठे दोन खणांची, परंतु माणसेही तितकीच जास्त. सासू-सासरे, शिकणारा दीर, लग्नाची नणंद, गावाहून नोकरी शोधायला आलेला भाचा, इतक्या मंडळींत नवे जोडपे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे वाढण्याचे थांबले खरे. पण रिकामी जागा मिळेनाशी झाली आणि मिळालीच तर पागडी मागितली जाई. मग मुलाचे लग्न झाले तरी दुसरे बिऱ्हाड कोठून करणार? त्याच खोलीत एक पडदा किंवा फळ्यांची आडभिंत आली आणि संसार सुरू झाला.

अशा खोलीत मुंबईचा उन्हाळा कसा असे, हे समजून घेण्यासाठी त्या उन्हाळ्याची जात पाहिली पाहिजे. नागपूरला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. मुंबईत तो तेहेतीस-चौतीसच्या पुढे क्वचित जातो. आकडा पाहून विदर्भातल्या भगिनी हसतील. परंतु नागपूरची हवा कोरडी, तेथे घाम वाळतो आणि वाळता वाळता अंग निववतो. म्हणून वाळ्याच्या ताट्या आणि माठ तेथे उत्तम काम देतात. मुंबईच्या हवेतच पाणी भरलेले, त्यामुळे घाम वाळतच नाही. माठातले पाणीही तेथल्याइतके गार होत नाही. रात्रीसुद्धा पारा सत्तावीसच्या खाली फारसा उतरत नाही. दिवसभर तापलेली विटांची भिंत आणि डोक्यावरचे कौल किंवा पत्रा मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहतो.

या शहराला तारणारी एकच गोष्ट, ती म्हणजे समुद्राचा वारा. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हा वारा चांगला वाहतो. परंतु दाटीने बांधलेल्या वाड्यांतून तो खोलीपर्यंत पोहोचत नाही. तो मिळतो गॅलरीत, गच्चीवर आणि चौपाटीवर. खोली सोडून बाहेर आलात तर वारा तुमचा. चाळीतल्या नवदांपत्याचा सारा उन्हाळा, आणि त्यांच्या सहवासाचा बराचसा भाग, या एका गोष्टीने ठरविला.

आता त्यांच्या दिवसाकडे पाहू. दिवस नळापासून सुरू होई. मुंबईला विहारचे पाणी १८६० साली आले, तुळशीचे १८७९ साली आणि तानशाचे १८९२ साली. पाणी आले, पण ते मोजून. उन्हाळ्यात तलावांची पातळी उतरली की नळाची वेळ कमी होई. पहाटे चारला नळ येई आणि वरच्या मजल्यापर्यंत धार चढेना म्हणून खाली उतरून हंडे-कळशा भरून आणाव्या लागत. हे काम कोणाचे, तर घरात नवी आलेल्या सुनेचे. सासूबाई उठण्यापूर्वी पिंप भरले पाहिजे, मोरीतला हौद भरला पाहिजे, पिण्याच्या पाण्याचा हंडा गाळून ठेवला पाहिजे. रांगेत हंडा लावल्यावर शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायका, “कुठल्या गं तू? माहेर कुठलं?” असे विचारीत. नव्या मुलीची शहराशी पहिली ओळख तेथेच होई. भांडणेही तेथेच होत. पण कोण आजारी आहे, कोणाला दिवस गेले आहेत, कोणाचा नवरा पगाराच्या दिवशी घरी उशिरा येतो, हे सर्व त्या रांगेला ठाऊक असे आणि वेळ आली की हीच रांग मदतीला धावे.

मग स्वयंपाक. चूल किंवा शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह. एकाच खोलीत विस्तव पेटला की उन्हाळा दुप्पट होई. कचेरीत जाणाऱ्याला नऊच्या आत पान वाढायचे आणि दुपारचे जेवण धाडायचे असेल तर डबा भरून ठेवायचा. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा या शहरातल्या संसारांना मोठीच सोयीची झाली. तापल्या ट्रॅममधून, पुढे लोकलमधून, घरचे ताक-भात आणि कैरीची चटणी फोर्टातल्या टेबलापर्यंत पोहोचू लागली. नवरा-बायकोमध्ये दिवसभरात होणारा एवढाच काय तो व्यवहार. डबा रिकामा परत आला की स्वयंपाक आवडला, एवढे तिला कळे. सगळ्यांदेखत “आमटी छान झाली होती” असे म्हणण्याची त्या काळी रीत नव्हती.

येथे गिरणगावाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तेथला उन्हाळा निराळा होता. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. ज्या घरी नवरा-बायको दोघेही गिरणीत जात, तेथे पाणी भरणे, भाकऱ्या थापणे आणि मूल सांभाळणे हे सर्व भोंग्याच्या आधी आटपावे लागे. सूत तुटू नये म्हणून खात्याची हवा मुद्दाम दमट ठेवीत. तेव्हा मे महिन्यातले ते खाते कसे असेल, याची कल्पनाच करावी. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला, त्याने या भगिनींना थोडा आधार मिळाला. परंतु पुढे गिरण्यांतून बायकांचे काम कमी कमीच होत गेले आणि त्यांतल्या कित्येकींनी खाणावळी चालवून संसार सावरले.

दुपारी चाळ बायकांची असे. पुरुष कामावर गेले की गॅलरीत चटया पडत. चैत्र लागला की चैत्रगौर बसे आणि अक्षय तृतीयेपर्यंत हळदीकुंकवांची झुंबड उडे. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे, वाळ्याचे पाणी. नव्या नवरीला पहिल्या वर्षी प्रत्येक बिऱ्हाडातून बोलावणे. ज्या घरी हळदीकुंकू, त्या घरच्या पुरुषांनी खोली रिकामी करायची हे ठरलेलेच. कचेरीतून दमून आलेला तरुण नवरा हातात छत्री घेऊन जिन्यावर बसून राही आणि आतल्या हसण्या-खिदळण्याचा अंत कधी होतो याची वाट पाही. उखाण्यात नाव घेताना मात्र त्याचे नाव साऱ्या गॅलरीला ऐकू येई. एरवी ती त्याला “अहो” म्हणे आणि तो चारचौघांत तिचा उल्लेख “मंडळी” असा करी.

जिन्यावरून फेरीवाल्यांच्या हाका येत. ताडगोळे, जाम, करवंदे, जांभळे, बर्फाचा गोळा. रत्नागिरीकडचा हापूस पेट्यांतून येई, पण तो पगाराच्या आठवड्यात. १८६९ साली उघडलेल्या क्रॉफर्ड मार्केटातून, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईतून, तरुण नवरा दोन आंबे रुमालात बांधून आणी. घरात माणसे आठ आणि आंबे दोन, म्हणून रस काढून त्यात दूध घालून तो सर्वांना पुरविण्याची युक्ती सुनेलाच करावी लागे. कोयी तिच्या वाट्याला. त्या कोयींची चव पुढे साठ वर्षे सांगणाऱ्या आजीबाई आपल्यापैकी अनेकींनी पाहिल्या आहेत.

संध्याकाळ हा मात्र त्या दोघांचा वेळ होता. येथेच या शहराने आपल्या मुलींना जे दिले, ते गावातल्या वाड्याने दिले नव्हते. गावी नवरा-बायकोने जोडीने फिरायला जाणे ही कल्पनाच नव्हती. मुंबईतही प्रथम लोक नावे ठेवीत. परंतु खोलीत बसवत नाही आणि सासूबाईंनाही खोली थोडी मोकळी झालेली हवीच असते, म्हणून “जा, जरा वारा खाऊन या” असे घरातूनच म्हटले जाऊ लागले. उकाड्याने जी परवानगी मिळवून दिली, ती सुधारकांच्या व्याख्यानांनीही इतक्या लवकर मिळाली नसती.

मग ती दोघे चौपाटीवर जात. प्रथम तो चार पावले पुढे आणि ती मागे. ठाकुरद्वार ओलांडले, चाळीच्या नजरा मागे राहिल्या की बरोबरीने. वाळूत रुमाल पसरून बसायचे, भेळ एकच घ्यायची आणि दोघांनी खायची. बोलणे काय? धाकट्या दिराची फी, गावी पाठवायची मनीऑर्डर, जागेचा शोध, माहेरचे पत्र. प्रेमाच्या गोष्टी पुस्तकात असतील तशा नसतीलही. पण घरात सातजणांच्या देखत जे बोलता येत नाही ते येथे बोलता येई. संसाराचे कितीतरी मोठे निर्णय, स्वतंत्र बिऱ्हाड करायचे की नाही, बायकोने शाळेत नोकरी धरायची की नाही, मुलीला पुढे शिकवायचे की नाही, हे अशा जोडप्यांनी त्या वाळूतच घेतले असणार. दुसरी जागा त्यांना होती कोठे?

फिरण्याच्या जागा वाढत गेल्या. विजेची ट्रॅम ७ मे १९०७ पासून सुरू झाली. एका आण्यात ट्रॅमच्या वरच्या मजल्यावर बसून लांबवर वारा खात जाणे ही गरिबांची हवापालटच होती. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्रॅम धावली, तेव्हा अनेक प्रौढ जोडप्यांना हळहळ वाटली ती यासाठीच. भायखळ्याची राणीची बाग होती, मलबार हिलवरचा हँगिंग गार्डन होता. १९४० च्या सुमारास मरीन ड्राईव्ह पुरा झाला आणि समुद्रकाठी मैलभर बसायला कट्टा मिळाला. १९५१ साली तेथेच तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि १९५२ साली कमला नेहरू पार्क. दादरकडे शिवाजी पार्क होते. गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ लागला. १९३३ साली उघडलेले रीगल वातानुकूलित होते. खेळापेक्षा गारव्यासाठीच तिकीट काढणारी जोडपी त्या काळी कमी नसावीत.

रात्र झाली की वळकट्या बाहेर निघत. पुरुष गॅलरीत आणि गच्चीवर, बायका-मुले खोलीत दार उघडे टाकून. काही चाळींत गच्चीचे वाटेच ठरलेले असत. नवपरिणितांची मोठी पंचाईत होई. एखादी जाणती शेजारीण आपल्या सासूला सांगे, “आज आम्ही सगळ्या गच्चीवर निजतो, मुलांना उकडतंय फार,” आणि त्यांची खोली एका रात्रीपुरती शेजारच्या जोडप्याला मिळे. याचा कोणी उच्चार करीत नसे आणि कोणी उपकारही दाखवीत नसे. चाळीच्या शेजारधर्माचा हा भाग कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. तरी तो खरा होता आणि फार नाजूकपणे पाळला जात होता.

मे महिन्यात पुन्हा ताटातूट. पहिल्या वर्षी नवी मुलगी माहेरपणाला जाई. घाटावरची असेल तर आगगाडीने. कोकणातली असेल तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. लक्ष्मण हरी चंद्रजी ऊर्फ भाऊ यांनी १८४१ साली बांधलेला हा धक्का कोकणच्या लेकींच्या कितीतरी आठवणींचा धनी आहे. डेकवर चटई अंथरून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घ्यायची आणि बोट बाहेर थांबली की पडावात उतरून किनारा गाठायचा. परंतु एक अडचण अशी की पावसाळ्यात ही बोट बंद. मेअखेर शेवटची बोट सुटली की दक्षिण कोकणची वाट जवळजवळ मिटे. म्हणून माहेरपणाला मुदत असे. आईचे “आणखी आठ दिवस राहा” आणि नवऱ्याचे “बोट बंद होण्याच्या आत यावे” हे पत्र, या दोहोंच्या मध्ये मुलीचा जीव कुचंबे. इकडे तो पुन्हा खाणावळीत जेवू लागलेला. पत्र सासऱ्यांच्या नावे येई, त्यात “सर्वांस आशीर्वाद” यापलीकडे तिच्यासाठी शब्द नसत; तरी ती ते पत्र दोनदा वाची. पुढे रस्ते सुधारले, एस. टी. आली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि ती मुदत इतिहासजमा झाली.

या रोजच्या आयुष्यावर मधूनमधून मोठा इतिहासही येऊन आदळला आणि तोही बरेचदा उन्हाळ्यात. १८९७ च्या सुरुवातीला प्लेगमुळे लाखो माणसे शहर सोडून गेली. नुकतीच मांडलेली बिऱ्हाडे मोडली. एप्रिल १९३० मध्ये गिरगाव चौपाटीवर मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि हिंद महिला समाजाच्या अवंतिकाबाई गोखले अग्रभागी होत्या. ज्या वाळूत संध्याकाळी जोडीने बसायचे, त्याच वाळूवर घराघरांतल्या सुना समुद्राचे पाणी भरायला आल्या. पहाटे नळावर जाणाऱ्या बायका आता पहाटे प्रभातफेरीतही जाऊ लागल्या. नवरा सरकारी कचेरीत आणि बायको प्रभातफेरीत, अशी घरे गिरगावात होती आणि त्या घरांतील रात्रीचे बोलणे सोपे नसणार. तरीही कित्येक नवऱ्यांनी त्या उन्हाळ्यात स्वतः पाणी भरले, हे विसरता कामा नये.

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि नळाच्या रांगेला दुकानाची रांग जोडली गेली. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली, हजारो बेघर झाली. घाबरलेल्या माणसांनी बायका-मुलांना गावी धाडले आणि कित्येक नव्या संसारांना त्या वर्षीचा उन्हाळा एकमेकांवाचून काढावा लागला.

एक उन्हाळा मात्र बायकांनी स्वतः इतिहासात नोंदविला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी जमल्या आणि ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर त्यांनी पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच आजचे ‘लिज्जत पापड’. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत घालणे हे तर आपल्या प्रत्येक घरचे काम. त्याचा मोबदला कोणी दिला नव्हता. त्या सातजणींनी त्याच गच्चीला कारखाना केले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशी तोड काढली. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चाळीच्या उन्हाळ्यातून निघालेली ही संस्था म्हणजे आपल्यासारख्या मंडळांची थोरली बहीणच म्हणावयाची.

पुढे काळ पालटला. १९५० नंतर तरुण जोडपी उपनगरांत, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला गेली. घराला आतून कडी आली, संडास घरात आला, नळ मोरीत आला. छताला पंखा लागला, मग फ्रीज आला. या सुखांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पहाटे चारला तीन मजले पाणी चढविणाऱ्या बाईला विचारा. ती चाळीचे गोडवे कधीच गाणार नाही. ज्यांनी हंडे उचलले नाहीत तेच बहुधा “काय ते दिवस!” म्हणतात. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना २०२५ साली नव्या इमारतींत पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली. एकशेसाठ चौरस फुटांत ज्यांच्या तीन पिढ्यांनी लग्ने केली, त्यांना हे घर किती उशिरा मिळाले, असेच आपण म्हणू.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. खोली मोठी झाली आणि बाहेर लहान झाले. आज पुष्कळ इमारतींच्या गच्चीला कुलूप असते. गॅलरीच्या जागी बंद दारांची वाट आली आहे. वातानुकूलित खोलीत नवे जोडपे सुखाने राहते, पण शेजारच्या दारामागे राहणाऱ्या नव्या नवरीला “माहेर कुठलं गं तुझं?” असे विचारणारी रांग राहिली नाही. जिच्या घरी अजून पत्राच डोक्यावर आहे आणि नळ तासभरच येतो, अशी भगिनी आपल्या वस्तीत आजही आहे. तिचा उन्हाळा १९२० सालच्या उन्हाळ्याहून फारसा निराळा नाही. पूर्वी चाळीतले सर्वजण एकाच उन्हात होते, म्हणून गारवाही वाटून घेत होते. आता ऊन एकीला आणि गारवा दुसरीला, असे झाले आहे.

म्हणून या लेखाच्या शेवटी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक अशी की, आपल्या वस्तीतल्या ज्येष्ठ भगिनींनी पहिल्या उन्हाळ्याची जी हकिकत मनात ठेवली आहे, ती मंडळाने एका वहीत लिहून घ्यावी. कोणत्या नळाचे पाणी भरले, भाडे किती होते, कोणत्या बोटीने माहेरी गेलात, एवढे साधे प्रश्न पुरेत. हा दस्तऐवज दुसरीकडे कोठेही मिळायचा नाही आणि तो देणाऱ्या दरवर्षी कमी होत आहेत. दुसरी अशी की, ज्या इमारतींच्या गच्च्या बंद आहेत, त्यांच्या सभासदांनी चैत्र ते ज्येष्ठ एवढे तीन महिने तरी संध्याकाळी ते कुलूप काढावे आणि आसपासच्या पत्र्याखालच्या बिऱ्हाडांना वर बोलवावे. चैत्राचे हळदीकुंकू या वर्षी तेथेच करता येईल. पन्हे लागेल, आंब्याची डाळ लागेल आणि चार चटया लागतील. बाकी वारा समुद्रावरून येतोच आहे.